कॅरेक्टरची पॅलेट: आधी उजेड-अंधार, मग रंग

मुलीचं कॅरेक्टर काढायचं म्हटलं की पहिला हात गुलाबीकडे जातो, मग जांभळा, मग कुठेतरी थोडं सोनेरी, की झाली पॅलेट, म्हणजे कॅरेक्टरसाठी निवडलेल्या रंगांचा संच. आता गुलाबी मुलींचा हे काही निसर्गाने ठरवलेलं नाही. 1918 मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकात चक्क उलटं छापलं होतं, गुलाबी मुलग्यांना कारण तो जास्त ठसठशीत आणि निळा मुलींना कारण तो नाजूक. म्हणजे सगळा सवयीचा मामला, आणि सवयही फार जुनी नाही. डोळ्याचं गणित वेगळंच आहे, आकार आणि कडा ओळखायला तो मुख्यतः उजळ-गडद फरक वापरतो, रंगाची बारीक नक्षी त्याला तेवढी नीट दिसतच नाही. म्हणूनच जेपेग फोटो आणि व्हिडिओमध्ये बऱ्याचदा उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची अर्धी-पाव करून टाकतात, तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकू पेशी असतात. किती उजळ हे ठरवण्यात त्यातल्या निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींचा वाटा अगदीच कमी, आणि आपण जिथे नजर रोखतो त्या अगदी मधल्या ठिपक्यात तर त्या जवळपास नसतातच. त्यामुळे स्क्रीनवर पूर्ण पांढऱ्याचा उजेड 100 धरला तर शुद्ध हिरव्याचा साधारण 72, लालचा 21 आणि निळ्याचा फक्त 7. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, तो सरळ 93. रंग निवडायचे लाल-हिरवा-निळा स्लायडर लागतील ते पूर्ण, म्हणजे 255 वर असले तरी डोळ्याला पिवळा जवळजवळ पांढऱ्याइतका उजळ आणि निळा बराच गडद.

आता समजा गेमसाठी एक कोळीण काढतोय, हिरवं लुगडं, लाल चोळी, बघायला एकदम झकास. पण दोन्ही शेड सारख्याच उजेडाच्या निघाल्या तर ती छोट्या आकारात पळायला लागली की लुगडं कुठे संपलं आणि चोळी कुठे सुरू झाली कळत नाही, वर त्या दोघांमधली कड डोळ्यात थरथरते ती वेगळीच. शिवाय युरोपियन वंशाच्या साधारण 8 टक्के पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांच्यासाठी तर विषयच संपला. उपाय सोपा, चित्र करडं करून बघायचं. पण इथे एक खड्डा आहे आणि नवीन लोक हमखास त्यात पडतात, फोटोशॉपमधला डीसॅच्युरेट, म्हणजे रंग काढून टाकणारा पर्याय, वापरू नका. तो रंगाच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांपैकी सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्याची सरासरी काढतो, त्यामुळे शुद्ध लाल, हिरवा आणि निळा तिघंही एकाच करड्या रंगाचे होऊन बसतात. त्यापेक्षा सगळ्यात वर एक काळा लेयर (थर) टाकायचा आणि त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळायची पद्धत, 'कलर' करायचा, मग डोळ्याच्या हिशोबाच्या बराच जवळचा करडा मिळतो.

कमी रंगात किती होतं ते बघायचं तर 1986 च्या मेट्रॉइड ह्या निन्टेन्डोच्या गेममधली नायिका सॅमस बघा. तेव्हाच्या निन्टेन्डो मशीनवर एका स्प्राइटच्या, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्राच्या, पॅलेटमध्ये फक्त 3 रंग, चौथा पारदर्शक. काळ्या गुहेत उजळ नारिंगी चिलखत, लगेच नजरेत भरतं. गेम पटकन संपवला तर शेवटी कळायचं की आत बाई आहे! आणि मधे एक जास्तीचं संरक्षण मिळालं की तेच चिलखत गुलाबी व्हायचं, म्हणजे इथे गुलाबीचा अर्थ मार कमी बसणार एवढाच.

त्वचेचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. गोरी असो की काळीसावळी, माणसाच्या त्वचेचा मूळ रंग नारिंगीच्याच आसपास असतो, बदलतो तो मुख्यतः उजेड, कारण कमी-जास्त होतं ते मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलं गडद रंगद्रव्य. सावली दाखवायला त्यात नुसता काळा मिसळला की चेहरा राखेसारखा दिसतो, हे सावळ्या नायिकांच्या बाबतीत इतक्यांदा बघितलंय की आता चीड येते. लाल प्रकाश त्वचेत जास्त खोलवर पसरतो, म्हणून उजेड संपून सावली सुरू होते त्या काठावर, गोऱ्या त्वचेवर तर जास्तच, किंचित लालसर छटा येते. गडद त्वचेत आतून परत येणारा प्रकाश कमी, त्यामुळे वरची चकाकी उठून दिसते आणि ती चकाकी प्रकाशाचा रंग घेते. उघड्या आकाशाखाली उभ्या कोळणीच्या सावळ्या गालावर, ऊन थेट पडत नाही तिथे, निळसर चमक द्या, लगेच जीव येतो.

शेजारचा रंगही खोड्या काढतो. पॅरिसच्या गोबेलँ ह्या भिंतीवरचे चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो अशी तक्रार होती, शेवरल नावाच्या रसायनतज्ज्ञाने तपासलं तर धाग्यात खोट नव्हती, बाजूच्या रंगामुळे तो तसा दिसत होता. 1839 मध्ये त्याने त्यावर जाडजूड पुस्तकच काढलं. म्हणून लाल चोळीवरचे करडे चांदीचे दागिने हिरवट वाटले तर कलर पिकरला दोष देऊ नका, करड्यात चिमूटभर लाल मिसळा. 60-30-10 चा नियम, म्हणजे 60 टक्के मुख्य रंग, 30 टक्के दुसरा आणि 10 टक्के उठावाचा, म्हणाल तर तो अंदाजाला ठीक, त्यामागे विज्ञान वगैरे काही नाही.

आणि रात्रीचा सीन असेल तर पॅलेट वेगळी करा. अंधारात डोळ्याचं काम दंड पेशींकडे जातं, त्यांना लाल जवळपास दिसत नाही, निळा-हिरवा मात्र बऱ्यापैकी दिसतो, पुर्किन्ये ह्या चेक शास्त्रज्ञाने 19 व्या शतकातच हे टिपून ठेवलंय. तेव्हा सगळ्यावर निळी शेड ओढून भागणार नाही, चोळी जवळजवळ काळी करा आणि लुगड्याचा हिरवा त्यामानाने कमी उतरवा.