तडा, सांधा आणि भरवसा

संवादातला ९३ टक्के भाग आवाजाचा आणि देहबोलीचा, शब्दांचा फक्त ७ टक्के, हे वाक्य समुपदेशनाच्या प्रशिक्षणात इतक्या वेळा फळ्यावर येतं की ते खरंच असावं असं वाटू लागतं. मग नवशिके समुपदेशक तशी तयारी करतात. किंचित पुढे झुकून बसायचं, समोरच्याने पायावर पाय टाकला की आपणही टाकायचा, दर चार वाक्यांमागे मान डोलवायची. हा आकडा आला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन छोट्या प्रयोगांतून. त्यांत माणसं एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकत होती, चेहऱ्यांचे फोटो पाहत होती आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढाच अंदाज बांधत होती. हा निष्कर्ष सगळ्या संभाषणाला लावू नका, असं मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. शब्दांची किंमत खरोखरच ७ टक्के असती, तर परकी भाषा बोलणाऱ्या समुपदेशकाकडेही कुणाचं अडलं नसतं.

मग नव्या क्लायंटचा भरवसा बसतो कशाने? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये समुपदेशक आणि क्लायंट यांच्या नात्याचे तीन भाग पाडले: कुठे पोचायचं यावर एकमत, तिथे पोचायला सत्रात काय करायचं यावर एकमत, आणि आपुलकीचा धागा. तिन्ही मिळून होते ती अलायन्स. तीनपैकी दोन भाग कामाचे आहेत, मायेचे नाहीत. 'झोप नीट लागावी' म्हणून आलेल्या माणसाला समुपदेशक पहिल्या दिवसापासून बालपणाबद्दलच विचारत राहिला, आणि का विचारतोय हे त्याने सांगितलंच नाही, तर तो कितीही प्रेमळ असो, नातं लंगडंच राहतं. क्लायंट म्हणतो, 'माणूस फार चांगला आहे हो', आणि तिसऱ्या सत्रानंतर फिरकत नाही.

२०१८ मध्ये फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यास एकत्र केले, त्यांत ३० हजारांहून जास्त क्लायंट होते. अलायन्स आणि उपचाराचा परिणाम यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) आला सुमारे ०.२८. त्याचा वर्ग केला की जवळपास ८ टक्के, म्हणजे परिणामांतल्या फरकाचा एवढा भाग अलायन्सशी जुळतो. ८ टक्के ऐकून नाक मुरडू नये. उपचार कोणत्या पद्धतीचे यावरून पडणारा फरक बहुतेक तुलनांमध्ये याहून लहान निघतो. दुसरी गोष्ट समुपदेशकांना जास्त टोचणारी आहे. २००७ मध्ये बाल्डविन, वॅम्पोल्ड आणि इमेल यांनी ८० समुपदेशक आणि त्यांचे ३३१ क्लायंट पाहिले. परिणामाशी जुळत होता तो समुपदेशका-समुपदेशकातला अलायन्सचा फरक. एकाच समुपदेशकाच्या क्लायंटांमध्ये कुणाची अलायन्स बरी, कुणाची कमी, याने विशेष काही ठरत नव्हतं. 'हा क्लायंटच अवघड आहे' हे वाक्य त्यामुळे जरा जपून वापरावं.

पहिल्या सत्राच्या ५० मिनिटांबद्दल थोडक्यात. सुरुवातीची सात-आठ मिनिटं नियमांची: वेळ, पैसे, येता आलं नाही तर किती आधी कळवायचं, टिपणं कोण वाचू शकतं. गोपनीयतेचे अपवाद तेव्हाच सांगायचे. कायद्याप्रमाणे तपशील बदलतात, पण जीव धोक्यात असणं, मुलावर अत्याचार होणं आणि न्यायालयाने माहिती मागणं हे तीन सहसा असतातच. 'इथलं काहीच बाहेर जाणार नाही' हे ऐकायला छान वाटतं, पण ते खोटं आहे, आणि खोटं ठरतं ते नेमकं क्लायंटच्या सर्वांत वाईट दिवशी. मग विचारायचं: 'याआधी कुणाकडे गेला होतात का? तिथे काय पटलं नाही?' पुढे आपलं कुठे बिनसणार आहे, हे या उत्तरातून बऱ्यापैकी कळतं. शेवटची दहा मिनिटं आवराआवरीला राखून ठेवायची. दुखरं उघडं टाकून माणसाला दाराबाहेर पाठवलं, तर पुढच्या वेळी तो ते उघडणार नाही.

मधल्या वेळात सर्वांत जास्त नुकसान करते ती सुधारण्याची उबळ. क्लायंट म्हणते, 'नवऱ्याला सांगून काही उपयोग नाही.' समुपदेशक लगेच, 'वेगळ्या पद्धतीने सांगून पाहिलंत का?' झालं, ती आता उपयोग का नाही याची कारणं देत बसणार, म्हणजे स्वतःलाच पटवत बसणार. त्याऐवजी: 'सांगून सांगून थकलात.' हे वाक्य म्हणताना शेवटी सूर खाली यायला हवा. तो वर गेला की त्याचा प्रश्न होतो आणि क्लायंट पुन्हा उत्तर देण्याच्या पवित्र्यात जाते. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे बदलायची इच्छा क्लायंटच्याच तोंडून यावी अशी बोलण्याची पद्धत, तिच्या प्रशिक्षणात ध्वनिमुद्रण ऐकून हे चक्क मोजतात: दर प्रश्नामागे क्लायंटचं म्हणणं असं परत मांडणारी निदान दोन वाक्यं असली की काम चांगलं. मिलर, बेनेफिल्ड आणि टोनिगन यांच्या १९९३ च्या अभ्यासात समुपदेशकाने जितके खटके उडवले, तितकं वर्षभरानंतर क्लायंटचं दारू पिणं जास्त आढळलं.

उलटं टोक म्हणजे 'मी तुम्हाला पाहताक्षणी ओळखलं' असा आव आणणं. हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणारे आणि ग्रहांवरून सल्ला देणारे याच जोरावर पाच मिनिटांत विश्वास मिळवतात. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर दिला, त्यातला बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. तो किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४ पेक्षा जास्त गुण दिले. असा विश्वास झटपट मिळतो कारण त्यात समोरच्याला 'नाही, तसं नाही' म्हणायची जागाच नसते.

आणि खरा भरवसा बसतो तो नेमका 'तसं नाही' म्हणता आल्यावर. जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी अलायन्सला जाणाऱ्या तड्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. तडे दोन प्रकारचे. एक आवाज करणारा: 'तुम्ही नुसतं ऐकता, याचा उपयोग काय?' हा सोपा, निदान ऐकू तरी येतो. दुसरा माघारीचा, आणि तो बहुतेकदा निसटतो. उत्तरं आखूड होतात, 'हो, बरोबर आहे' वाढतं, घरी करायला दिलेल्या कामाला 'बघतो करून' असं उत्तर येतं, बोलणं स्वतःवरून मेहुण्यावर जातं. समुपदेशकाला वाटतं, आज सत्र छान शांत झालं.

तडे जाणं हा काही दोष नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत निरोगी माय-लेकरांचे हावभावसुद्धा जेमतेम एक तृतीयांश वेळ जुळत होते. बाकी वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवणं. बाळ त्यातूनच शिकतं की चुकलेलं जुळतं.

भरवसा सांध्यावर, म्हणजे गेलेला तडा पुन्हा जुळवण्यावर, का बसतो, हे समजायला मला १९७२ चं रेस्कोर्ला-वॅग्नर सूत्र फार आवडतं. (गणिताचा कंटाळा असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा.) ते मुळात प्राण्यांच्या शिकण्याचं सूत्र, त्यामुळे इथे ते उपमेसारखंच घ्यायचं. अपेक्षेतला बदल = शिकण्याचा वेग × (जे घडलं − जे अपेक्षित होतं). शून्य म्हणजे झिडकारणं, एक म्हणजे पूर्ण स्वीकार. सुरळीत सत्रात क्लायंटला ०.९ ची अपेक्षा असते, 'गोड बोलण्याचेच पैसे घेतात', आणि मिळतं ०.९. फरक शून्य, म्हणून शिकणंही शून्य. पण मनातली तक्रार बोलून दाखवताना त्याची अपेक्षा असते ०.१, कारण आयुष्यभर तक्रारीला राग किंवा अबोलाच मिळालाय. तिथे समुपदेशकाने शांतपणे ऐकून घेतलं, ०.९ दिलं, तर फरक ०.८. वेग ०.२ धरला तर अपेक्षा ०.१ वरून ०.२६ होते. दुसऱ्यांदा तसंच घडलं की ०.३९ च्या आसपास, पाच वेळांनंतर ०.६४. दोन गोष्टी यातून दिसतात. एका सांध्याने भागत नाही, आणि जिथे भीती जागी नाही तिथे शिकणं जवळपास होतच नाही. फ्रान्झ अलेक्झांडर आणि थॉमस फ्रेंच यांनी १९४६ मध्येच याला 'सुधारणारा भावनिक अनुभव' म्हटलं होतं. मात्र तो घडावा म्हणून समुपदेशकाने ठरवून सोंग वठवावं, ही अलेक्झांडर यांची सूचना टीकेची धनी झाली, आणि रास्तच. तडे आपोआप पडतात, मुद्दाम पाडायची गरज नसते.

सांधायचं कसं? आधी जे दिसतंय ते अंदाजाच्या सुरात बोलायचं: 'मघाशी मी श्वासाचा व्यायाम सुचवला, तेव्हापासून तुम्ही जरा गप्प झालात असं मला वाटलं. चूकही असेल माझं.' मग थांबायचं. दहा-बारा सेकंदांची शांतता इथे फार लांब वाटते, आणि नवखा समुपदेशक ती स्वतःच भरून टाकतो. क्लायंट म्हणतो, 'नाही, तसं काही नाही... म्हणजे, तो व्यायाम मला आधीही सांगितला होता कुणीतरी.' या 'म्हणजे'नंतरचं सगळं महत्त्वाचं. त्यावर 'हो, पण त्याला शास्त्रीय आधार आहे' म्हटलं की दार बंद. 'म्हणजे इथेही तेच ठरीव उत्तर मिळालं. मी आधी विचारायला हवं होतं' इतकं पुरे, आणि मग पुढे काय करायचं ते दोघांनी नव्याने ठरवायचं.

इथे तीन चुका नेहमी होतात. अति माफी मागणं, मग क्लायंटलाच समुपदेशकाची समजूत काढावी लागते. आपला हेतू समजावत बसणं. आणि सर्वांत हुशार वाटणारी चूक: 'तुमच्या वडिलांसमोरही तुम्ही असेच गप्प होत होतात, नाही का?' हे कदाचित खरंही असेल, पण या क्षणी त्याचा अर्थ एवढाच होतो की चूक माझी नाही, तुमच्या वडिलांची. हा दुवा सांधा बसल्यावर, काही सत्रांनी जोडावा.

निसटणारे तडे पकडायला सत्राच्या शेवटी दोन मिनिटांची एक मोजपट्टी मिळते, सेशन रेटिंग स्केल. १० सेंटिमीटरच्या चार रेघा: मला ऐकून घेतलं का, हवं त्याबद्दल बोलणं झालं का, पद्धत पटली का, एकूण सत्र कसं वाटलं. क्लायंट प्रत्येक रेघेवर खूण करतो, समुपदेशक पट्टीने मोजून बेरीज करतो. ४० पैकी ३६ च्या खाली गेलं की त्याबद्दल तिथेच बोलायचं. पहिल्या दोन-तीन सत्रांत ४० पैकी ४० मिळाले तर खूश होण्यासारखं काही नाही. अजून कमी गुण द्यायची हिंमत झालेली नसते. चौथ्या-पाचव्या सत्रात पहिल्या रेघेवरची खूण सातवर आली आणि क्लायंट कागद पुढे सरकवत म्हणाला, 'आज तुम्हीच जास्त बोललात', तर पट्टी बाजूला ठेवून विचारायचं, 'नेमकं कुठे?'