कंटेनर म्हणजे छोटं व्हीएम नव्हं

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या क्लासच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, "कंटेनर म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीनच, इमेज उचला आन् थेट बूट करा". कंटेनर म्हणजे प्रोग्राम त्याच्या फाइलींसकट वेगळा चालवायचा कप्पा, इमेज म्हणजे त्या फाइलींचा साचा, आन् व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा नकली कॉम्प्युटर. दोन्ही एकच वाटणं साहजिक हाय, आत गेलं की वेगळी सिस्टीमच दिसती, मलाही आधी तसंच वाटायचं.

पण कंटेनरला स्वतःचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) नसतोय, तो होस्टचाच, म्हणजे ज्या मशीनवर चालतोय तिचाच वापरतो. वाड्यातल्या भाड्याच्या खोल्यांगत, दार वेगळं पण विहीर एकच. व्हीएम म्हणजे स्वतःच्या विहिरीचं वेगळं घर.

तपासायचं असंल तर लिनक्सवर साधं 'यूनेम -आर' (कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) चालवा, मग डेबियनच्या (लिनक्सचाच एक प्रकार) कंटेनरमधे तेच चालवा, आकडा सेम येतो. विंडोज किंवा मॅकवर मात्र डॉकर डेस्कटॉप (कंटेनर चालवायचं सॉफ्टवेअर) मागं एक लिनक्स व्हीएम चालवतंय, म्हणून तिथं त्या व्हीएमचा कर्नल दिसणार. आन् त्याच कंटेनरमधलं बूट फोल्डर बघा, जिथं एरवी कर्नल असतो, ते रिकामं असतंय.

मग इमेजपासून व्हीएम होतच नाही का? होतंय की, फक्त जे नाही ते घालावं लागतं. 'डॉकर क्रिएट' करून 'डॉकर एक्सपोर्ट' केलं की सगळ्या फाइलींचा एक टार (एकत्र बांधलेलं गाठोडं) मिळतो (इथं बरेचजण 'सेव्ह' वापरतात, त्यात इमेजचे लेयर, म्हणजे थर, वेगवेगळे येतात, म्हणून घोळ होतो), मग एक्स्ट-फोर (लिनक्सची फाइल सिस्टीम) केलेल्या रिकाम्या डिस्क फाइलीत तो टार सोडायचा, सीएचरूट करून (त्या डिस्कलाच मूळ फोल्डर धरून आत शिरून) कर्नल आन् सिस्टिमडी (बूट झाल्यावर बाकीचं सगळं सुरू करणारा प्रोग्राम) टाकायचं, रूटचा (मुख्य युजरचा) पासवर्ड लावायचा, आन् क्यूइमूला (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) डिस्क, कर्नल, इनिटआरडी (बूटच्या सुरवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टीम) आन् मुख्य फाइली असलेलं रूट पार्टिशन कुठलं ते सांगायचं. पासवर्ड लावायला इसरला तर लॉगिनपाशीच अडकताय.