रिकामी बरणी: धुऊन पुन्हा वापरण्यामागचा इतिहास

जॅम, कॉफी किंवा मधाची बरणी संपली की ती धुवायची, उन्हात वाळवायची आणि तिच्यात मोहरी नाहीतर जिरे भरायचे, हे मराठी घरांत कुणाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. अलीकडे शून्य कचऱ्याच्या चर्चेत या सवयीचा उल्लेख नव्या जीवनशैलीसारखा होतो आणि त्याचे स्वागतच आहे. परंतु तिचा उगम पर्यावरणाच्या जाणिवेत नाही. ओल, मुंगी आणि पोरकिडे आत जाऊ न देणारे घट्ट झाकणाचे भांडे ही कित्येक पिढ्या दुर्मीळ आणि महाग वस्तू होती. असे भांडे विकतच्या मालाबरोबर आपसूक घरात येऊ लागले, तेव्हा ते टाकून देणे घर चालवणाऱ्या बाईच्या मनातही येणे शक्य नव्हते.

त्याआधीची साठवण म्हणजे धान्याची कणगी, चुलीशेजारी एकावर एक रचलेली मडक्यांची उतरंड, तूपतेलाचा चामडी बुधला आणि ऐपत असेल तर पितळेचे डबे. मडके सच्छिद्र असते. त्यात मीठ पाझरते, तेल मुरते आणि एकदा मुरलेला वास जात नाही. पितळेला आंबट चालत नाही, कल्हई उडाली की पदार्थ कळकतो. म्हणून लोणचे, मुरंबा, चिंच, मीठ यांसाठी आतून-बाहेरून झिलई दिलेली चिनी मातीची बरणी हे एकच खात्रीचे भांडे होते. हिंदीत या बरणीला आजही मर्तबान म्हणतात आणि त्या शब्दातच तिचा इतिहास दडला आहे. ब्रह्मदेशातील मर्तबान या बंदरातून झिलईदार मोठे रांजण जहाजांवर चढत आणि हिंदी महासागरभर पोहोचत. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याने आपल्याला सागरी प्रवासासाठी मिळालेल्या भेटींमध्ये आले, मिरी, लिंबू आणि आंबा खारवून भरलेल्या चार ‘मर्तबानां’ची नोंद केली आहे. म्हणजे आज ज्या बरणीला आपण अस्सल परंपरेचे भांडे मानतो, त्या घराण्याचा मूळ पुरुषही मालाचे वेष्टन म्हणूनच फिरत होता. पुढे अशा बरण्या आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. सौराष्ट्रातील थानगढ येथे हा धंदा उभा करण्यात परशुराम गणपुले या मराठी माणसाचा मोठा वाटा होता.

बरणी स्वच्छ करण्याची रीत याच काळात पक्की झाली आणि आजच्या काचेच्या बरणीला आपण तीच लावतो. कोकणातल्या आमच्या घरी आगोटीच्या आधी, वैशाखात, बरण्या माळ्यावरून खाली येत. शिकेकाईच्या कढत पाण्याने तेलकटपणा काढायचा, मऊ फडक्याने पुसायचे आणि दोन दिवस अंगणात आडव्या घालून ऊन द्यायचे. लोणचे घालायच्या दिवशी आजी निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकी आणि त्यावर बरणी पालथी धरी. पांढरा धूर आत कोंडून राही, बरणीचा गळा हाताला गरम लागू लागला की ती उचलून लगेच फोडी भरायला घेई. या धुरीने बरणी आतून कोरडीठाक होते, आणि लोणच्यावर बुरशी येण्याचे मुख्य कारण आत राहिलेला पाण्याचा अंश हेच असते. मग तोंडाला दादरा बांधून वर झाकण. दादऱ्याला ओला हात लागला तर त्या दिवशी घरात मोठ्याने बोलणे होई, आणि ते रास्तच होते. कारण त्या एका बरणीवर वर्षाची बेगमी अवलंबून असे.

विकतच्या मालाबरोबर प्रथम मोठ्या संख्येने घरात आला तो पत्र्याचा डबा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल चार गॅलनच्या चौकोनी डब्यांतून येऊ लागले आणि रिकामा डबा पाणी वाहायला, धान्य ठेवायला, कापून छपरावर ठोकायला कामी आला. आजही तेल ‘डब्याने’ घेतात, ती बोली त्याच मापातून आलेली. 1937 मध्ये डालडा बाजारात आला आणि ताडाच्या झाडाचे चित्र असलेला त्याचा पिवळा डबा मजुराच्या खोलीपासून वाड्यापर्यंत सगळीकडे पोहोचला. त्याची कड हातोडीने ठोकून बोथट करायची, आतले तूप आधी कोरड्या कोंड्याने पुसून घ्यायचे, मग धुण्याच्या सोड्याचे उकळते पाणी. एवढे झाले की तो पीठ-डाळींना मोकळा. गंजू लागला की त्यात तुळस लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि मोजून मिळालेले धान्य उंदीर-घुशींपासून राखायला पत्र्याच्या डब्याइतके मोलाचे काही उरले नाही.

काचेची वाट वेगळी आहे. फ्रान्समध्ये निकोला अपेर याने रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत 1810 मध्ये प्रसिद्ध केली आणि सरकारकडून 12,000 फ्रँकचे बक्षीस मिळवले. अमेरिकेत जॉन लँडिस मेसन याने 30 नोव्हेंबर 1858 रोजी फिरकीच्या तोंडाच्या बाटलीचे पेटंट घेतले. पुनर्वापराच्या दृष्टीने मला ही दुसरी घटना अधिक महत्त्वाची वाटते, कारण बूच एकदा काढले की ते पूर्वीसारखे बसत नाही. फिरकीचे झाकण मात्र हजार वेळा लावता येते. महाराष्ट्रात काच हा स्वदेशीचा प्रश्न बनला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला, त्यामागे लोकमान्य टिळकांचे बळ होते. 1916 मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. तिथल्या प्रभाकर कंदिलाचे नाव अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बरणीबंद खाद्यपदार्थ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, कॉफी, लोणची, आणि पाचगणीचे जॅम. मॅप्रोची सुरुवात तिथे 1959 ची. हॉर्लिक्सची जाड काचेची, रुंद तोंडाची बाटली हात आत घालून घासता येई, आणि माझ्या मते तिच्या लोकप्रियतेत या सोयीचाही वाटा होता. एकसारख्या सहा बाटल्या जमेपर्यंत धीर धरायचा आणि मग त्या मांडणीवर ओळीने लावायच्या, ही त्या काळच्या स्वयंपाकघराची शोभा होती. अरुंद गळ्याच्या बाटल्यांची वाटणी निराळी झाली. 1958 मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रिज आणला आणि पुढे घरोघरी फ्रिज येत गेले, तशा सरबताच्या बाटल्या गार पाण्यासाठी त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. सॉसच्या बाटलीत मनीप्लँट लागला. शहराने एक दुसरा मार्गही पाहिला होता. 1949 मध्ये स्थापन झालेल्या आरे वसाहतीचे दूध मुंबईत काचेच्या बाटलीतून मिळे आणि भरलेली बाटली घेताना रिकामी धुऊन परत द्यावी लागे. ती बाटली घरात राहू शकत नसे, परंतु ती वायाही जात नसे. ही व्यवस्था पिशवीच्या दुधाने संपवली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

मागच्या तीस-पस्तीस वर्षांत पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या, आणि धुण्याचे जुने शहाणपण तिथे चालेनासे झाले. अशी बरणी बहुधा पेट या प्लॅस्टिकची असते. ते साधारण 70 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, त्यामुळे उकळते पाणी ओतले की ती आक्रसते, आणि तेल-मसाल्याचा वास तिच्या अंगात राहतो. काचेत वास मुरत नाही. तो असतो झाकणात. पत्र्याच्या झाकणाच्या आतल्या कडेला हवाबंद बसण्यासाठी रबरासारखा मऊ थर दिलेला असतो, तो लोणच्याचा वास धरून ठेवतो. म्हणून बरणी कितीही लख्ख झाली तरी लोणच्याच्या झाकणाखाली चहापूड ठेवू नये. लेबलांचेही तसेच आहे. पूर्वीचा कागद खळीने चिकटवलेला असे आणि पाण्यात ठेवला की तासाभरात सुटून येई. आता प्लॅस्टिकच्या पट्टीखालचा डिंक पाण्याला दाद देत नाही. बरणीत गरम पाणी भरून तो आतून मऊ करायचा, पट्टी सावकाश सोलायची आणि उरलेला चिकटा खोबरेल तेल व खाण्याचा सोडा चोळून काढायचा. मात्र थंड काचेत एकदम कढत पाणी ओतू नये, ती तडकते. लोणच्याची फोडणी गार करूनच बरणीत घालण्याचा जुना नियम चवीइतकाच भांड्यासाठीही होता.

कायद्यानेही घर आणि बाजार यांत फरक केला आहे. अन्नसुरक्षेच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांनुसार एकदा वापरलेला पत्र्याचा डबा विक्रीचे अन्न भरण्यासाठी पुन्हा वापरता येत नाही, कारण तो कुठून आला आणि त्यात पूर्वी काय होते हे ग्राहकाला कळू शकत नाही. घरातल्या बाईला ते नेमके ठाऊक असते.

घरात न मावलेल्या बरण्या पूर्वी ‘डब्बा-बाटली’ अशी आरोळी देणाऱ्या फेरीवाल्याकडे जात आणि अखंड बाटलीला नगावर पैसे मिळत. पुण्यात 1993 मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली तेव्हा तिने नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे घेतले. या तीन वस्तूंवर किती घरे चालत होती हे त्यावरून समजते. ओल्या कचऱ्यात बुडालेली, आत कुजलेले लोणचे असलेली किंवा फुटलेली बरणी त्या बायांच्या हाताला इजा करते आणि तिला मोलही येत नाही. म्हणून घरात ठेवायची नसलेली बरणीसुद्धा विसळून, झाकण लावून वेगळी द्यावी, ही त्यांची मागणी तेव्हापासून कायम आहे.