‘पन्हाळा’ नीट का उमटत नव्हता? लिनक्स पॅकेजिंगची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एखाद्या प्रेसने 2019 साली लिनक्सच्या डेबियन 10 वर ॲप्टने (प्रोग्राम आणून बसवणाऱ्या साधनाने) स्क्रायबस हे पानं लावायचं सॉफ्टवेअर बसवलं असतं, तर 1.4 मालिकेतली आवृत्ती मिळाली असती. तिच्यात ‘पन्हाळा’ टाइप केलं की ‘न्ह’ जुळत नाही, न, हलन्त आणि ह सुटे पडतात. ‘ज्योतिबा’तली ऱ्हस्व वेलांटी ‘त’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. देवनागरी जुळवण्याची सोय खरं तर 2017 च्या 1.5.3 मध्येच आली होती. पण 1.5 ही विकासाधीन मालिका, त्यामुळे ती डेबियनच्या स्थिर भांडारात (ॲप्ट जिथून प्रोग्राम आणतं त्या साठ्यात) तेव्हा नव्हती. दुरुस्ती तयार असूनही मराठी पान लावणाऱ्याच्या हाती पडत नाही, हे दुखणं पॅकेजिंगइतकंच, म्हणजे प्रोग्राम बांधून पोचवण्याच्या पद्धतीइतकंच, जुनं आहे.

1993 च्या स्लॅकवेअर या लिनक्समध्ये पॅकेज म्हणजे टारबॉल, अनेक फाइलींचा एकच गठ्ठा. उलगडला की फाइली जागेवर. कोणत्या प्रोग्रामला कोणती लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) लागते, याची नोंद नाही. त्याच वर्षी इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं, 1995 मध्ये रेड हॅटने आरपीएम हे पॅकेजचं स्वरूप आणलं, आणि ही नोंद पॅकेजच्या आतच आली. डेब, म्हणजे डेबियनची पॅकेज फाइल, उघडली तर तीनच वस्तू निघतात: स्वरूपाचा आकडा असलेली छोटी फाइल, नाव, आवृत्ती आणि लागणाऱ्या लायब्ररींचा ‘कंट्रोल’ गठ्ठा, आणि प्रत्यक्ष फाइलींचा ‘डेटा’ गठ्ठा. डेब बसवणारं डीपीकेजी ही यादी तपासतं, पण लायब्ररी आणून देत नाही. म्हणून पेन ड्राइव्हवरची डेब फाइल बसवताना पॅकेज उलगडतं आणि कॉन्फिगर न होता अर्धवट अडकतं. नेट जोडून ॲप्टचा ‘फिक्स ब्रोकन’ पर्याय चालवला की सुटतं. आणून देण्याचं काम करणारं ॲप्ट 1999 च्या डेबियन 2.1 बरोबर आलं, आणि रोजचा त्रास खूपच कमी झाला.

ॲप्टची मर्यादा एवढीच, की भांडारात असेल तेच मिळणार. त्यातून दुसरी वाट निघाली: लायब्ररींची शिदोरी प्रोग्रामसोबतच बांधून द्यायची. सायमन पीटर यांनी 2004 मध्ये ‘क्लिक’ नावाने सुरू केलेल्या कामाला 2013 पासून ॲपइमेज म्हणतात. एक फाइल, तिला एक्झिक्यूट परवानगी, की प्रोग्राम चालू. स्क्रायबस 1.5 असंच मिळत होतं.

ॲपइमेज बांधणारे हमखास चुकतात ते जीलिबसीपाशी. ही मूळ लायब्ररी सहसा शिदोरीत नसते, वापरणाऱ्याच्या मशीनवरचीच घेतली जाते. आणि जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो, उलट होईलच असं नाही. उबुंटू या लिनक्सच्या 22.04 आवृत्तीवर (जीलिबसी 2.35) बांधलेली फाइल शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या 20.04 वर (2.31) नेली, तर ‘जीलिबसी 2.34 सापडत नाही’ म्हणून अडू शकते. जे सर्वांत जुनं उबुंटू चालवून द्यायचं आहे, त्याच्याच कंटेनरमध्ये (आपल्या मशीनच्या आत वेगळ्या ठेवलेल्या त्या उबुंटूत) बिल्ड करा. 22.04 पासून आणखी एक अडचण आली: जुन्या ॲपइमेजला लागणारी लिबफ्यूज 2 ही लायब्ररी तिथे आधीपासून बसवलेली नसते. ती ॲप्टने बसवावी लागते, नाहीतर फाइल ‘एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन’ पर्यायाने चालवावी लागते.

याच वाटेवरचं दुसरं साधन म्हणजे फ्लॅटपॅक. त्याला हे नाव 2016 मध्ये मिळालं, आधी ते एक्सडीजी-ॲप होतं. त्यात लायब्ररी ‘रनटाइम’ नावाच्या सामाईक संचात असतात आणि बरेच प्रोग्राम मिळून एकच रनटाइम वापरतात. पहिलं डाउनलोड मात्र शेकडो एमबींचं होतं, मोबाइल हॉटस्पॉटवर ते जाणवतं. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचं स्नॅप हे असंच साधन, त्याच काळातलं. ते आपोआप अपडेट होतं.

मराठीसाठी एक तपासणी मात्र कधीच वगळू नये. स्क्रायबस, चित्रं काढायचं कृता यांसारखे प्रोग्राम क्यूटी या खिडक्या-बटणं दाखवणाऱ्या लायब्ररीवर चालतात. ॲपइमेज बांधताना क्यूटीला आयबसशी, म्हणजे वेगवेगळ्या भाषांचे कीबोर्ड पुरवणाऱ्या यंत्रणेशी, जोडणारं प्लगइन आत टाकायचं राहिलं, तर प्रोग्राम उघडतो, इंग्रजी टाइप होतं, पण आयबसचा मराठी कीबोर्ड निवडूनही देवनागरी अक्षर उमटत नाही. कसलाच एरर दिसत नाही, त्यामुळे इंग्रजीतच चाचणी घेणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. फाइल देण्याआधी आयबसने ‘दुसऱ्या’ टाइप करून पाहा: अक्षरं आली तर प्लगइन आहे, आणि ‘ऱ्या’ नीट जुळला तर फॉन्ट आणि शेपिंगही (अक्षरं जुळवणं) ठीक आहे.