टी-पेशींची आनुवंशिक न्यूनता

विषाणू पेशीच्या आत शिरून वाढतो. तो बाहेर असेपर्यंत प्रतिपिंडे त्याला गाठतात. आत शिरल्यावर मात्र बाधित पेशी हुडकून मारण्याचे काम मुख्यतः टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचे. एखाद्या जनुकातील उपजत दोषामुळे या पेशी तयारच होत नाहीत किंवा तयार होऊनही निकामी ठरतात, तेव्हा ही न्यूनता उद्भवते. दोष नेमका कुठे आहे, याचा माग बऱ्याचदा कोणता विषाणू आवरत नाही यावरून लागतो.

सर्वांत तीव्र प्रकार, म्हणजे तीव्र संयुक्त प्रतिकारन्यूनता, ‘स्किड’ (SCID) या लघुनामाने ओळखला जातो. त्यात टी-पेशी जवळपास नसतात आणि त्यांच्या मदतीवाचून प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींचेही काही चालत नाही. जन्मतः बाळ धडधाकट दिसते. पुढच्या काही महिन्यांत न थांबणारे जुलाब, तोंडातली बुरशी, खुंटलेले वजन आणि वरचेवर न्यूमोनिया सुरू होतो. रोटाव्हायरसची जिवंत लससुद्धा अशा बाळाला बाधते. लिम्फोसाइटची (टी-पेशी, बी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींची) संख्या रक्ताच्या मायक्रोलिटरला २,००० असेल तर प्रौढात ती नेहमीची, तान्ह्या बाळात धोक्याची. अहवाल हातात असूनही निदान हुकते ते इथेच.

याउलट एक्स गुणसूत्राशी निगडित लिम्फोप्रोलिफरेटिव्ह (लिम्फोसाइट बेसुमार वाढण्याच्या) विकाराचा मुलगा इतर बहुतेक विषाणू सहज परतवतो, पण एपस्टाइन-बार विषाणूपुढे हतबल होतो. डेव्हिड पर्टिलो यांनी १९७५ मध्ये एका कुटुंबातील मुलांवरून याचे वर्णन केले. कारणीभूत जनुक १९९८ मध्ये सापडले. हा विषाणू बी-पेशींत मुक्काम करतो. त्या बाधित पेशींना मारण्याचा आदेश टी-पेशीच्या आत पोचवणारे ‘सॅप’ हे छोटे प्रथिन या मुलांत सदोष असते. मग यकृत निकामी होणे, अनियंत्रित दाह किंवा लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कर्करोग) असे परिणाम दिसतात.

डॉक-८ जनुकाच्या दोषात नागीण, चामखीळ असे त्वचेचे विषाणूजन्य विकार हटत नाहीत. त्याचे कारण विलक्षण आहे: त्वचेच्या दाट ऊतीतून वाट काढताना टी-पेशी ताणल्या जाऊन अक्षरशः तुटतात. परफोरिन या बाधित पेशीला भोके पाडणाऱ्या प्रथिनाच्या अभावात टी-पेशी शत्रू ओळखतात, पण मारू शकत नाहीत. लढा संपतच नाही आणि दाहच जिवावर उठतो. डायजॉर्ज विकारात टी-पेशी जिथे घडतात ती छातीतली थायमस ग्रंथी अपुरी असते, तरी बहुसंख्य रुग्णांत काही टी-पेशी शिल्लक राहतात.

स्किडवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण प्रथम १९६८ मध्ये यशस्वी झाले. जंतुविरहित कक्षात वाढलेला अमेरिकेतील स्किडग्रस्त मुलगा डेव्हिड व्हेटर १९८४ मध्ये प्रत्यारोपणानंतर दगावला. बहिणीने दिलेल्या मज्जेत एपस्टाइन-बार विषाणू सुप्तावस्थेत होता आणि त्याला थोपवायला टी-पेशी नव्हत्या. संसर्ग होण्यापूर्वी, आयुष्याच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत केलेल्या प्रत्यारोपणाचे यश सर्वाधिक असते. म्हणूनच नवजातांची चाचणी मोलाची. थायमसमध्ये टी-पेशी घडताना डीएनएचे छोटे वर्तुळाकार तुकडे गळून पडतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळल्या ठिपक्यात तेच मोजतात. विस्कॉन्सिन राज्याने ही तपासणी २००८ मध्ये सुरू केली. स्किडवर दुसरा उपाय जनुकोपचाराचा, म्हणजे विषाणूच्या वाहनातून चांगले जनुक पेशींत पोचवण्याचा; त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत काही मुलांना ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला. त्यानंतर जनुकवाहक विषाणूंची रचना बदलण्यात आली.