तुंबाड पिक्चर आणि तुंबाडचे खोत: नाव सारखं, पण गोष्टी दोन

तुंबाड पिक्चर २०१८ ला आला तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर पडतंय, आणि २०२४ च्या सप्टेंबरात तो परत थेटरात लागला तेव्हा तर फारच, की "तो पेंडशांच्या कादंबरीवरचा ना?" बाहेरच्यांनी विचारलं तर एक वेळ समजू शकतो, पण आपल्या खेड-चिपळूण-दापोलीकडची, जगबुडी नदीचं पाणी बघत मोठी झालेली माणसंही हेच बोलतात. मग कोणीतरी उत्साहाने त्या कादंबरीचे, म्हणजे तुंबाडचे खोतचे, दोन्ही खंड घरी आणतो, पन्नासेक पानं वाचतो, पिक्चरमधला तो भयंकर हस्तर कुठे दिसत नाही म्हणून पुस्तक कपाटात टाकतो आणि वर "बोअर आहे यार" असं सांगत फिरतो. याच्या उलट आपली आधीची पिढी, ज्यांनी खोत दोनदा-तीनदा वाचलेत, ते पिक्चर बघून चिडतात की पेंडशांचं पार वाटोळं केलं. मला दोघांचंही वाईट वाटतं, कारण दोन्ही गोष्टी आपापल्या जागी जबरदस्त आहेत आणि दोघांनाही भलत्याच मापाने मोजलं जातंय.

तर आधी सरळ सांगतो. पिक्चर कादंबरीवरून काढलेला नाही. पात्रं वेगळी, कथा वेगळी, प्रकारच वेगळा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलं ते फक्त नाव. गोष्टीचं बीज आलं नारायण धारपांच्या एका भयकथेतून, ती बर्वेंना लहानपणी एका मित्राने जंगलात असताना सांगितली होती आणि ती डोक्यातून गेलीच नाही. म्हणजे नाव एका मराठी लेखकाचं, भीती दुसऱ्या मराठी लेखकाची, आणि पिक्चर हिंदीत. घोळ होणारच.

आता पुस्तक. श्री. ना. पेंडसे जन्माने दापोलीजवळच्या मुर्डीचे, नोकरी मुंबईत बेस्टमध्ये, पण लिहिताना मन कायम खाडीच्या काठावर. रथचक्रला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, गारंबीचा बापू तर घराघरात माहीत आहे, आणि वयाची सत्तरी ओलांडल्यावर या माणसाने १९८७ मध्ये तुंबाडचे खोत नावाची दोन खंडांची, हजारच्या वर पानांची कादंबरी दिली. या वयात लोक आठवणी लिहितात, यांनी एका घराण्याच्या चार पिढ्या उभ्या केल्या. जागा कुठली तर आपलं खेड तालुक्यातलं तुंबाड, जगबुडीच्या काठचं. हे गाव खरंच आहे, नकाशावर सापडतं. दादा खोत, नाना खोत, पुढे बंडू, मधू अशी माणसं एकामागून एक येतात, कोणी माजलेला, कोणी सोसणारा, कोणी घराण्याची गेलेली अब्रू परत मिळवू बघणारा, आणि मागे इंग्रजी अमलापासून स्वातंत्र्याच्या चळवळीपर्यंतचा काळ सरकत राहतो.

इथे खोत म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, कारण आजच्या पोरांना खोत हे फक्त आडनाव म्हणून माहीत आहे आणि तिथेच कादंबरीची अर्धी चव जाते. खोत हा गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारा मधला माणूस. कुळाने जमीन कसायची, भात पिकवायचं आणि त्यातला मोठा हिस्सा खोताच्या खळ्यात नेऊन ओतायचा, बऱ्याच ठिकाणी थेट अर्धा, म्हणून त्याला अर्धेल म्हणायचे. वर वेठ वेगळी. खोताच्या घरचं छप्पर शाकारायचं असो की लग्नकार्यातली कामं, कुळाने फुकट राबायचं. सरकारचा सारा ठरलेला असायचा, कुळाकडून काय घ्यायचं ते मात्र खोताच्या मर्जीवर बरंच सुटायचं, आणि मधलं सगळं त्याच्या घरात राहायचं. १८८० मध्ये इंग्रजांनी खोतीचा कायदा केला, पण गावात खोताचा शब्द म्हणजे शब्द हे काही बदललं नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, पुढच्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत काउन्सिलवर गेला, तिकडे अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी काही वर्षं शेतंच पेरली नाहीत, आणि एवढं सगळं झाल्यावर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. हे डोक्यात ठेवून पेंडसे वाचले की कळतं की या घराण्याचं चढणं आणि उतरणं ही नुसती घरातली भांडणं नाहीत. एका माणसाच्या हातात अख्खं गाव असलं की त्या माणसाचं काय होतं, त्याच्या पोरांचं काय होतं आणि गावाचं काय होतं, ते पेंडसे सावकाश, घाई न करता दाखवतात.

पिक्चरमध्ये यातलं काही नाही, आणि नसलं म्हणून तो कमी ठरत नाही. तिथे विनायक आहे, सोहम शाहने केलेला, आणि त्याची एकच भूक आहे. १९१८, १९३३ आणि १९४७ असे तीन टप्पे. पोरगा असताना त्याला वाड्यातल्या खजिन्याचा वास लागतो, मोठा झाल्यावर तो पुण्याहून परत येतो आणि खजिन्यापर्यंतचा रस्ता शोधून काढतो. (ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या, खरंच सांगतो, मजा जाईल.)

मला त्यातली सगळ्यात ग्रेट गोष्ट वाटते ती पिठाची बाहुली. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा, त्याने सगळं सोनं घेतलं, मग धान्यावर हात टाकायला गेला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले, आईने पोटात घेऊन वाचवलं, पण धान्य काही मिळालं नाही. म्हणजे सोनं ढीगभर आणि पोट रिकामं. म्हणून विनायक दोराने वाड्यातल्या विहिरीत, हस्तर असतो तिथे उतरतो, स्वतःभोवती पिठाचं रिंगण घालतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो आणि हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मुद्रा ओढून घेतो. प्रत्येक फेरीला मूठभर. या धंद्यात पोराला तयार करण्यासाठी तो त्याच्याकडून सराव करून घेतो, पोहायला शिकवावं इतक्या सहजपणे, आणि तो सीन मला भुतापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. बापाने मुलाला वारसा म्हणून काय दिलं तर हाव, आणि ती पण ट्रेनिंगसकट. शेवटी पोराला बापापेक्षा मोठी आयडिया सुचते, एक एक मूठ कशाला, अख्खा लंगोटच आणू, मग बाहुल्याही जास्त न्यायच्या, आणि जेवढ्या बाहुल्या तेवढे हस्तर.

इथे दोघांतला खरा फरक येतो आणि माझ्या मते भयकथा विरुद्ध कौटुंबिक कादंबरी या फरकापेक्षा तो मोठा आहे. पिक्चरमध्ये हावेची किंमत हावरट माणूस आणि त्याच्या घरचेच भरतात. विनायकने सोनं आणलं म्हणून तुंबाडातल्या कुठल्या शेतकऱ्याचं भात गेलं असं होत नाही, गाव तिथे जवळजवळ रिकामंच आहे. पेंडशांच्या गोष्टीत मात्र खोताच्या मोठेपणाचा खर्च कायम दुसऱ्याच्या खळ्यातून निघतो. खोताला नुसता पैसा नको असतो, त्याला चारचौघांत मान हवा, शब्द खाली पडायला नको, भावापुढे वरचढ ठरायचं असतं. त्यामुळे पिक्चर संपला की मी सुन्न होतो पण गोष्ट तिथेच पुरी होते, आणि खोत संपवले की आपल्याच गावातल्या जुन्या घरांकडे, त्यांच्या भावकीकडे, कोर्टात चाललेल्या दाव्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. म्हणून दोघांत एकच निवड म्हटलंत तर मी कादंबरी निवडेन, पण पिक्चर आवडत नाही म्हणून नव्हे, तो मला फार आवडतो.

पावसाचंही तसंच. पिक्चरमध्ये तुंबाडात पाऊस थांबतच नाही कारण तो देवांचा शाप आहे, आणि पंकज कुमारच्या कॅमेऱ्याने तो ओला, काळपट हिरवा रंग असा काय पकडलाय की थेटरात बसून अंगाला ओल लागल्यासारखं वाटतं, फिल्मफेअर उगाच नाही मिळालं. पण कोकणातल्या माणसाला आत कुठेतरी खटकतं, मला तरी खटकलं, एवढा पाऊस आणि एकही माणूस चिखलात लावणीला वाकलेला नाही. आपल्याकडे पाऊस म्हणजे आधी शेत. पेंडशांच्या कोकणात पाणी येतं ते कामाचं पाणी, भातशेतीचं, नदीचं, भरती-ओहोटीचं, होडीने येण्याजाण्याचं. जगबुडी तिथे सीनरी नाही, घरातलं एखादं माणूस असावं तशी आहे.

वाड्याबद्दल पण बोलतो. पिक्चरमधला तो भव्य दगडी वाडा बघून लोक विचारतात कोकणात कुठे आहे हा, तर तो घाटावरचा, सासवडचा. कोकणातलं जुनं खोताचं घर असं नसतं हो. चिऱ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी, ओटी, मग माजघर, समोर शेणाने सारवलेलं खळं. उंच तटबंदी नाही, बुरूज नाही. पिक्चरला हवा होता एक बंद, गिळून टाकणारा वाडा आणि तो त्यांनी अगदी बरोबर शोधला, त्याबद्दल तक्रार नाही, फक्त तो वाडा मनात ठेवून खोत वाचायला बसू नका, सगळी माणसं चुकीच्या घरात उभी राहतील.

दोघांच्या कमजोर बाजूही आहेत. पिक्चरमध्ये बायकांना फार कमी जागा आहे, अनिता दातेची वैदेही बघा, किती ताकदीने उभी राहते आणि किती लवकर बाजूला पडते. कादंबरीत पसारा खूप, दुसऱ्या खंडात काही ठिकाणी वेग पडतो, नात्यांचा गुंता होतो आणि कोण कोणाचा चुलता हे बघायला मागे जावं लागतं. मी सगळ्यांना एकच सांगतो, वाचायला घेताना शेजारी एक वही ठेवा आणि पहिल्या पानापासून वंशावळ काढत जा, मग बघा कसा रंग चढतो. आणि एका दमात संपवायच्या भानगडीत पडू नका. पिक्चर मात्र तुकड्यातुकड्यात मोबाईलवर बघू नका, रात्री, दिवे घालवून, एका बैठकीत, दोन तासांच्या आत संपतो.

एका ठिकाणी मात्र दोन्ही गोष्टी जवळ येतात, आणि तो मला फार आवडणारा योगायोग आहे. पिक्चरमध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर वाडा सरकारजमा होणार अशी बातमी येते आणि विनायकची घाई वाढते. आणि इकडे खऱ्या कोकणात त्याच दोन-चार वर्षांत कूळकायदा आला, खोती गेली, पिढ्यान्‌पिढ्या बसून खाणाऱ्यांच्या पायाखालची जमीन कागदावर दुसऱ्याच्या नावावर झाली. बर्वेंच्या मनात हे होतं की नव्हतं त्याने फरक पडत नाही, पण ज्याला कोकणचा हा इतिहास माहीत आहे त्याला तो १९४७ चा भाग जास्त खोल लागतो.

राहता राहिलं, खोतांवर खरोखर काही काढायचं असेल तर काय. दोन तासांच्या पिक्चरमध्ये चार पिढ्या कोंबल्या तर नुसती नावं आणि मयतं उरतील, त्याला मोठी वेबसिरीजच हवी, दोन-तीन सीझनची. आणि ती काढणाऱ्याला हात जोडून सांगणं आहे की शूटिंग खेड-दापोलीतच करा, चिऱ्याच्या घरात करा, आणि कोकण म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी मालवणी घालायची जी सवय सिरीयलवाल्यांना लागलीय ती इथे आणू नका. मालवणी गोड आहे, पण ती सिंधुदुर्गाची. जगबुडीकाठच्या भटवाडीत, कुळवाडीत आणि मोहल्ल्यात बोलतात ते तिन्ही वेगळं आहे, आणि ते बोलणारी माणसं आजही खेडच्या बाजारात भेटतात, तिथे जाऊन ऐका आणि मग संवाद लिहा.