सही असलेलं जुनं रेखाचित्र विकायचं आहे? त्याला हात लावण्याआधी हे वाचा

आमच्या दापोलीच्या दुकानात माणसं येतात ती बहुतेक फुटलेली काच बदलायला किंवा लग्नाचा फोटो मढवायला. पण वर्षातून चार-पाच वेळा कोणीतरी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पिशवीतून काढतं, दाराकडे एकदा बघतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "ह्याचं काय येईल हो?" त्या प्रश्नाचं उत्तर गल्ल्यावर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

अशी चित्रं कोकणातल्या घरांत निघतात याचं आम्हांला नवल वाटत नाही. इथल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मुंबईला होतं. गिरगावात, परळला, जे. जे. स्कूलच्या आसपास. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा त्यांची चित्रं विकत घेणारे मोजकेच होते. त्यांतले फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातल्या साळगावचे. सदानंद बाकरे लंडनमध्ये बरीच वर्षं काढून १९७५ च्या सुमारास परतले ते थेट आपल्या मुरुड-हर्णैला, आणि २००७ मध्ये वारले तेही इथेच. तेव्हा पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत एखादा कागद असणं अशक्य नाही. मात्र शक्य आहे म्हणजे आहेच, असंही नाही.

आधी काहीच करू नका

सगळ्यात जास्त नुकसान चित्र सापडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात होतं, आणि ते प्रेमापोटी होतं. धूळ दिसली म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं जातं. कोपरा फाटला म्हणून सेलोटेप लागते. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा डिंक कागदात मुरतो. कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्रावर नुसता हात फिरला तरी रेषा जाते. आणि लॅमिनेशन! एका गृहस्थांनी "आता कायमचं टिकेल" म्हणून करून आणलं होतं. गरम प्लास्टिकमध्ये चिकटलेला कागद पुन्हा सुखरूप सुटत नाही. आम्ही तो परत दिला, दुसरं काही करता आलं नाही.

जुनी फ्रेमही काढू नका. आतलं प्लायवूड किंवा हार्डबोर्ड आम्ल सोडतं आणि कागद तपकिरी करतं हे खरं, ते पुढेमागे बदलावंच लागतं. पण त्याच पाठीवर प्रदर्शनाची चिठ्ठी, फ्रेमवाल्याचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेला क्रमांक असतो. आमच्याच दुकानात पूर्वी एकदा असा पुठ्ठा बंबात गेला. त्यावर एका प्रदर्शनाचं लेबल होतं, हे गिऱ्हाइकाच्या मुलानं दोन दिवसांनी जुना फोटो आणून दाखवलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून आम्ही काढलेला प्रत्येक तुकडा पाकिटात घालून परत देतो, खिळेसुद्धा.

आपल्या हवेबद्दलही थोडं. जून ते सप्टेंबर इथे कागद ओल पितो. तांबूस ठिपके येतात, बुरशी धरते, काचेला टेकलेला कागद काचेला चिकटतो. कसर कागदावरची खळ खाते आणि वाळवी तर सगळंच. चित्र बाहेरच्या भिंतीला टांगू नका. पावसाचा मारा खाणारी भिंत आतूनही दमट असते. घराच्या आतल्या भागात, जमिनीपासून वर, कपाटात सपाट ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवलं तर ओल आतच कोंडते. बुरशी दिसली तर लगेच ब्रशनं झाडू नका, ती ओली असताना झाडली की पसरते. आधी वाऱ्यावर, सावलीत, उन्हाची तिरीपही न लागेल अशा जागी सुकू द्या.

हातानं काढलेलं की छापलेलं?

इथे बऱ्याच जणांची निराशा होते, म्हणून स्पष्ट सांगतो. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्यातली देवदेवतांची चित्रं घरोघरी गेली. त्यांवरची सही छापलेली असते. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं कापून मढवण्याचीही पद्धत होती. ती सुंदर आहेत, जपून ठेवा, पण मूळ चित्र म्हणून ती विकली जात नाहीत.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मासिकातली छपाई असेल तर बारीक ठिपक्यांची ओळीनं मांडलेली जाळी दिसते. पेन्सिलीची रेषा तिरप्या उजेडात चमकते आणि मागून कागदाला तिचा दाब जाणवतो. शाईची रेषा जिथे थांबते तिथे थेंबानं जरा गडद होते. चित्राभोवती चौकोनी दाब आणि खाली पेन्सिलीनं ३/२५ असं काही लिहिलेलं असेल, तर ते बहुधा एचिंग आहे, म्हणजे एकाच पत्र्यावरून काढलेल्या पंचवीस प्रतींतली तिसरी. तेही अस्सलच, पण त्याचा बाजार वेगळा.

आता सही. गिऱ्हाईक आधी सहीवर बोट ठेवतं, आम्ही ती शेवटी बघतो. रेखाचित्राची नक्कल तैलचित्राहून सोपी असते: जुन्या वहीचं कोरं पान मिळालं आणि हात बरा असला की झालं. कधी चित्र जुनं आणि खरं असतं, कोणा विद्यार्थ्याचा अभ्यास, आणि सही तेवढी नंतर कोणी ठोकलेली असते. एक खूण लक्षात ठेवा. सहीची शाई घडीच्या चिरेत पसरली असेल, किंवा तांबूस डागाच्या वरून गेली असेल, तर घडी आणि डाग आधीचे, सही नंतरची. उलट, सही नसली म्हणून चित्र कचऱ्यात घालू नका.

चित्राला सातबारा नसतो

जमिनीचा मालक सातबाऱ्यावर दिसतो. चित्राच्या बाबतीत ते काम सगळी कागदपत्रं मिळून करतात: विकत घेतल्याची पावती, चित्रकाराचं पत्र, प्रदर्शनाची पुस्तिका, आजोबांच्या डायरीतली एक ओळ, एवढंच काय, १९६२ सालच्या बारशाच्या फोटोत मागच्या भिंतीवर दिसणारी फ्रेम. मुंबईतले जाणकार हेच आधी मागतात. घरात काय ऐकलंय तेही लिहून काढा, पण ऐकलेलं ते ऐकलेलं म्हणूनच. "आजोबांना स्वतः चित्रकारानं दिलं" हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं, तेवढंच लिहा. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे चित्र खरं ठरत नाही. शिक्का तुमच्या सहीचा असतो, चित्रकाराच्या नव्हे.

आणि मालक कोण? चित्र आजोबांचं असेल आणि वाटणीपत्रात त्याचा उल्लेख नसेल तर ते सगळ्या वारसांचं. विक्री ठरल्यावर बोरिवलीच्या काकांचा फोन येतो आणि सगळं थांबतं, असं आम्ही दोनदा पाहिलंय. गणपतीला सगळे चाकरमानी घरी असतात, तेव्हाच विषय काढा आणि सर्वांच्या सह्यांचं संमतीपत्र करून घ्या. आरतीच्या आधी नको, जेवणानंतर.

कायद्याचं थोडक्यात

१९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तू ठरतं. त्याला नोंदणीचे, परवान्याचे नियम लागतात आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. याशिवाय नऊ चित्रकारांची कामं वय न पाहता राष्ट्रीय ठेवा आहेत: राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. ती भारतात विकता येतात, परदेशी जात नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक इथलंच शोधावं लागतं. सूझा किंवा बाकरे या यादीत नाहीत.

कागद विकला म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. तो चित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं चालतो. बाकऱ्यांच्या कामांवर तो २०६७ अखेरपर्यंत राहील. त्यामुळे चित्र तुमचं असलं तरी त्याची कॅलेंडरं छापू नका. पुनर्विक्रीची किंमत दहा हजारांवर गेली तर चित्रकाराच्या वारसांना जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मागण्याची तरतूदही कायद्यात आहे.

आयकराच्या दृष्टीनं चित्र घरगुती सामानात मोडत नाही. नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो, तेव्हा सीएंना आधी विचारा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं बेकायदा आहे. "रोख देतो, आत्ता द्या" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

किंमत आणि विक्री

मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेलं, आणि त्यानंतरच्या महिन्यात आमच्याकडे चौकशा वाढल्या. ते १९५४ सालचं भलंमोठं तैलचित्र आहे. वहीच्या पानावरच्या रेखाटनाला तो भाव लावू नका. तुमच्या चित्राची तुलना त्याच चित्रकाराच्या, त्याच काळातल्या, त्याच आकाराच्या कागदावरच्या कामाशी करायची. लिलावघरांचे मागचे निकाल त्यांच्या वेबसाइटवर बघता येतात.

लिलावाला देताना तीन गोष्टी लेखी घ्या: विक्रेत्याकडून कापलं जाणारं कमिशन, ज्याखाली विकायचं नाही ती राखीव किंमत, आणि न विकल्यास परत पाठवण्याचा खर्च कोणाचा. निकालात छापलेल्या आकड्यात खरेदीदारानं लिलावघराला दिलेला अधिभार बहुधा धरलेला असतो, तो तुमच्या हाती येत नाही. लिलावात न विकलेलं चित्र काही काळ बाजारात शिळं होतं, म्हणून राखीव किंमत हावरेपणानं ठेवू नका. गॅलरीला देणं हळू असतं, पण गाजावाजा होत नाही.

आम्ही अस्सलपणाचा दाखला देत नाही आणि स्वतः चित्र विकतही घेत नाही. भाव सांगणारा आणि घेणारा एकच असू नये, असं आमचं मत आहे. कागदाची अवस्था बघून लिहून देणं, आम्लरहित पुठ्ठ्यात बसवणं, फोटो, मुंबईतल्या जाणकारांकडे नेण्याची बांधणी, एवढं आमचं काम. पेस्टल आणि कोळशाला आम्ही साधी काचच लावतो; काचेऐवजी लावतात त्या अॅक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्यावर स्थिर वीज जमते आणि भुकटी उचलली जाते. पाठवताना चित्र कधीही गुंडाळत नाही, दोन कडक पुठ्ठ्यांत सपाटच जातं, विम्यासह.

पाहण्याचे पैसे नाहीत. आधी मोबाइलवर चार फोटो पाठवा: समोरून, मागून, सहीचा जवळून, आणि एक संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, चित्र खिडकीपासून हातभर लांब धरून. मूळ चित्र आम्ही बोलावलं तरच आणा, आणि पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी आणा.